विषय: गाडीत पाणी शिरल्याबाबत

शनिवारी सकाळी पावणेआठला वीणाने गाडीची किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा कसंबसं धरलं आणि आचके देत चालू राहिलं. फाटकाशी भालचंद्र उभे होते, अंगावर शाल, हातात चहाचा कप. तिने काच खाली केली आणि म्हणाली, "सॉरी हं."

"असू दे गं," भालचंद्र म्हणाले. "होतं माणसाकडून. उद्या श्यामबाबू येतायत ना, मग सुटलो एकदाचे."

गेले पाच आठवडे हे असंच चाललं होतं. रोज सकाळी तिने सॉरी म्हणायचं, रोज सकाळी त्यांनी असू दे म्हणायचं. भांडणारा नवरा एक वेळ परवडतो, त्याच्याशी निदान भांडता येतं. उठता-बसता क्षमा करणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं? वीणाला त्याचा राग येई, आणि इतक्या चांगल्या माणसाचा आपल्याला राग येतो म्हणून स्वतःचाही येई. या दोन रागांनीच ती दमून गेली होती. गाडी नंतरची.

पारगावकर मंडळी फरीदाबादला येऊन सोळा वर्षं झाली होती. भालचंद्र केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. सकाळी साडेआठची चार्टर्ड बस पकडून दिल्लीला जायचे, संध्याकाळी सव्वासहाला घरी. बसमधली सीट ठरलेली, शेजारी बसणारे श्यामबाबू ठरलेले, आणि आल्यावर चहा ठरलेला. वीणा शाळेत संस्कृत शिकवायची आणि अडीचला घरी यायची. मग शहाण्णव साल उजाडलं. घराघरांवर केबलच्या तारा आल्या, आणि नोएडातल्या एका स्टुडिओला परदेशी कार्यक्रमांना मराठी बोलायला लावणारी माणसं हवी झाली. अमेरिकेतली बाई केक करताना जेवढा वेळ ओठ हलवते, तेवढ्याच वेळात मराठी वाक्य बसवायचं, असं ते काम. वीणाने नमुन्यादाखल दोन पानं लिहून पाठवली आणि आठ दिवसांत नोकरी लागली. पगार भालचंद्रांपेक्षा वरचढ. घरात त्यावर कोणी काही बोललं नाही. पेढे आणले, देवापुढे ठेवले, संपले.

पण फरीदाबादहून नोएडा नकाशावर जवळ आणि बसने सातासमुद्रापार. तीन बस बदला, मध्ये एक रिक्षा, दोन तास मोजा. म्हणून शाळेचा फंड मोडून वीणाने जुनी मारुती घेतली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. गाडी होती म्हणून नोकरी होती. हे गणित इतकं सरळ होतं की ते कोणी बोलूनही दाखवत नसे.

सप्टेंबरात एक दिवस रेल्वेच्या पुलाखालच्या रस्त्यात पाणी तुंबलं होतं. पुढचा ट्रक गेला, म्हणून मागून वीणाही गेली. ट्रकचं चाक केवढं आणि आपलं केवढं, हे पाणी दाराशी आल्यावर तिच्या लक्षात आलं. इंजिन बंद पडलं. चार माणसांनी ढकलत गाडी बाहेर काढली आणि पाचव्याने फुकटचा सल्ला दिला. सेक्टरच्या मार्केटमधल्या मेकॅनिकने ऑइल बदललं, प्लग सुकवले, सगळं पुसून घेतलं. पण तेव्हापासून गाडी गेली ती गेलीच, असं घरात सगळे म्हणत. वीणाही म्हणे.

भालचंद्रांनी लगेच फाइल उघडली होती. खरीखुरी, पुठ्ठ्याची, पांढऱ्या फितीची. वर सुवाच्य अक्षरात, "विषय: गाडीत पाणी शिरल्याबाबत." आत क्रमांक घालून टिपणी. घरातल्या गीझरची फाइल होती, मुलीच्या, अवनीच्या दातांची होती, तशीच ही. सरकारात एकदा फाइलवर विषय लिहिला गेला की पुढची वीस वर्षं जो येतो तो त्याच विषयाखाली लिहितो; विषयच चुकलाय असं लिहायला त्यात रकाना नसतो. भालचंद्र दर रविवारी दुपारी गाडी मेकॅनिककडे न्यायचे आणि बॉनेट उघडायच्या आधीच सांगायचे, "पानी गया है इसमें." मग तो पेट्रोलची टाकी रिकामी करायचा, पुढच्या रविवारी कार्ब्युरेटर धुवायचा, त्याच्या पुढच्या रविवारी नवे प्लग घालायचा. दुपारच्या उन्हात गाडी मुकाट चालायची. भालचंद्र टिपणी लिहायचे. सोमवारी सकाळी थंडीत पुन्हा आचके सुरू. शेवटी त्या मेकॅनिकने हात टेकले आणि म्हणाला, आतली दांडी वाकली असणार, इंजिन कधीही बसेल, काढून टाका.

श्यामबाबूंना पुतण्यासाठी अशीच पडेल भावातली गाडी हवी होती. पडत्या फळाची आज्ञा. रविवारी सकाळी दहाला ते बघायला येणार, असं ठरून गेलं. वीणा काही बोलली नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? पाण्यात गाडी घालणारी तीच. परवा रात्री जेवताना चौदा वर्षांच्या अवनीने विचारलं होतं, "आई, गिऱ्हाईक म्हणजे कस्टमरच ना? मग तू जॉबला कशी जाणार?" तेव्हा भालचंद्रच समजुतीने म्हणाले होते, "बघू काहीतरी. शाळेत विचारता येईल परत."

आज यमुनेवरच्या कालिंदी कुंजच्या पुलावर धुकं होतं, काचेवर दव. पुलाच्या मध्यावर गाडीने मान टाकली. मागून ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवूनच बसले. वीणाने पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. एक ट्रकवाला शेजारून जाताना ओरडला, "मैडम, घर पे रोटी बनाओ!" एरवी तिने त्याला सुनावलं असतं. आज तिला वाटलं, बरोबर आहे बाबा तुझं, तेवढं तरी जमतंय का बघते. दहा मिनिटांनी इंजिन लागलं आणि ती लंगडत लंगडत नोएडात पोचली.

स्टुडिओच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडची रांग होती. पहिल्या शेडवर हरीश मोटर्स अशी हाताने रंगवलेली पाटी. आठ महिने ती पाटी रोज बघत होती, पण गाडीचा आजार घरच्या डॉक्टरकडे, आणि डॉक्टर नवऱ्याच्या ताब्यात. आज गाडी त्या शेडसमोरच पुन्हा बंद पडली, तेव्हा तिने ती तिथेच सोडली आणि शेजारच्या बूथवरून स्टुडिओत फोन लावला.

"वीणाताई, आज पुन्हा?" तिचा प्रोड्युसर गुणवंत म्हणाला. नागपूरचा, स्वभावाने गरीब. "मी सांभाळून घेतो हो. पण डिसेंबरपासून तेरा भागांचं नवीन काम आहे. तुम्ही आहात की नाही, ते सोमवारी मला वर सांगावं लागेल."

"सोमवारी सांगते," ती म्हणाली. सांगायचं काय, ते तर उद्या दहा वाजताच ठरणार होतं.

हरीश पन्नाशीचा, डोक्यावर लोकरीची टोपी, चष्म्याला दोरी बांधलेली. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. आधी स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "कब से है ये तकलीफ?"

"पानी गया था," वीणा म्हणाली. तोंडात बसलेलं वाक्य.

"वो नहीं पूछा मैडम. कब से है?"

"सितंबर से."

"तब से रोज? एक दिन भी ठीक नहीं चली?"

वीणा 'रोज' म्हणणार होती, पण थांबली. असं कोणी विचारलंच नव्हतं. तिने गाडीतल्या कप्प्यातून फाइल काढली. कागदपत्रांसोबत ती तिथेच असायची. थंडीत स्टुलावर बसून तिने फीत सोडली आणि पहिल्यांदाच ती फाइल सुरुवातीपासून वाचली.

टिपणी एक, नऊ सप्टेंबर. ऑइल बदलले, प्लग व करंटची कॅप पुसली, गाडी सुरू. टिपणी दोन, सतरा सप्टेंबर. गाडी सुरळीत. टिपणी तीन, पाच ऑक्टोबर. सहकुटुंब मथुरा, जाऊन-येऊन त्रास नाही, ॲव्हरेज उत्तम. टिपणी चार, बावीस ऑक्टोबर. सकाळी थंड इंजिन आचके देते. कारण: पाणी.

तिने चौथी टिपणी पुन्हा वाचली. सहा आठवडे गाडी नीट चालली होती. मथुरेला तीच तर चालवत गेली होती, मागे अवनी गाणी म्हणत होती, आणि भालचंद्र शेजारी बसून पेंगले होते. एवढा चांगला दिवस ती कसा विसरली? माणसाला चूक पटवून दिली की तो पुराव्यासकट पटवून घेतो, दुसरं काय.

"बीच में डेढ़ महीना ठीक थी," ती हळूच म्हणाली. "अक्टूबर से खराब हुई. वो भी सुबह-सुबह, दोपहर में ठीक चलती है."

"तो फिर पानी की बात छोड़ो," हरीश म्हणाला आणि उठला. त्याने ऑइलची पट्टी काढून तिला दाखवली. पाणी गेलं असतं तर ऑइल दुधासारखं झालं असतं, आणि दांडी वाकली असती तर दुपारीही इंजिनातून ठकठक आली असती, असं त्याने समजावलं. सकाळी दवात बिघडते, उन्हात सुधारते, म्हणजे ओलाव्याने करंट कुठेतरी वाट चुकतोय. त्याने वायरींचा जुडगा बाजूला केला, दोन क्लिपा उघडल्या आणि प्लगना करंट वाटून देणारी ती काळी कॅप उलटी करून उजेडात धरली.

मग तो हसला. "मैडम, पानी में चींटी नहीं आती."

कॅपच्या आत पिवळट, चिकट थर वाळला होता, आणि त्यात पाच-सहा मुंग्या जिथल्या तिथे मरून चिकटल्या होत्या. दोन टोकांच्या मधे केसाएवढी काळी रेघ उमटली होती. रोज सकाळी ठिणगी प्लगकडे जायचं सोडून त्या रेघेवरून भलतीकडे जात होती. "कोई मीठी चीज गिरी है ऊपर से. कोल्ड ड्रिंक?"

वीणाला लगेच कळलं. दसरा. भालचंद्रांचे वडील भुसावळला इंजिन ड्रायव्हर. शेडमध्ये दसऱ्याला इंजिनाची पूजा व्हायची, त्याच्या कपाळावर नारळ फुटायचा आणि त्याचं पाणी थेट इंजिनावर ओतायचे. एवढं मोठं काळं धूड, त्याला नारळभर पाण्याचं काय! जगाने चाकापुढे नारळ फोडावा, पण ड्रायव्हरच्या पोराने बॉनेट उघडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि सोवळं नेसून, मोठ्या भक्तीने, नारळाचं सगळं पाणी मारुतीच्या इंजिनावर सोडलं. वीणा शेजारी ताट घेऊन उभी होती. तिने हातही जोडले होते.

"नारियल," ती म्हणाली.

हरीशने कानाला हात लावले. देवाच्या कामाला तो नावं ठेवणार नव्हता. त्याने वायरी पेट्रोलने पुसून वाळवल्या आणि नवी कॅप बसवली. सगळं मिळून अर्धा तास. किल्ली फिरवल्याबरोबर गाडी लागली आणि एका लयीत चालू राहिली. वीणाला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. तिला रडू आलं. हरीश पाठ फिरवून पाना पुसत बसला.

दिवसभर तिने काम केलं आणि दिवसभर मनात भालचंद्रांशी बोलली. आधी हसून सांगू असं ठरवलं. दुपारी ठरवलं, चांगलं फैलावर घेऊ. परत येताना पुलावर गाडी पाण्यासारखी गेली, तेव्हा ठरवलं, नुसतं सांगू. बिचाऱ्यांना कुठे माहीत होतं.

साडेसातला ती घरात शिरली. अवनी क्लासला गेली होती. शनिवारी सरकारला सुट्टी. भालचंद्र दिवाणावर पेपर घेऊन बसले होते, समोर टीव्ही आवाज बंद करून चालू.

"गाडी नीट झाली," वीणा म्हणाली. "पाण्याने काहीच झालेलं नव्हतं. दसऱ्याला तुम्ही नारळाचं पाणी घातलंत ना इंजिनावर, ते आत जाऊन चिकटलं होतं. मुंग्या निघाल्या त्यातून."

तिला वाटलं होतं ते दचकतील, किंवा वाद घालतील. भालचंद्रांनी पेपरची घडी घातली. घडीवर घडी घातली. "दसऱ्यापासूनच ना," ते म्हणाले.

वीणा तशीच उभी राहिली. खांद्यावरची पर्स काढायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. "तुम्हाला माहीत होतं?"

"नारळाचं नाही. देवाशपथ, ते नाही. पण तारखा मीच लिहिल्यात ना. चौथी टिपणी लिहितानाच लक्षात आलं होतं, की मधे गाडी ठीक होती. म्हणजे तुझ्या त्या पाण्याचा संबंध नसणार."

"मग बोलला का नाहीत?"

टीव्हीवर कोणीतरी बाई तोंड हलवत होती.

"तू रोज सकाळी सॉरी म्हणायचीस," भालचंद्र म्हणाले. "ऐकायला बरं वाटायचं."

वीणा खुर्चीत बसली. पाच आठवडे, रविवार सोडून रोज. ते बाल्कनीतून नाही, मुद्दाम खाली फाटकापर्यंत येऊन उभे राहायचे, कप हातात घेऊन. ती समजत होती काळजीने येतात. तिला भयंकर राग आला, पण राग काढायला लागणारी ताकद तिच्यात उरली नव्हती. आदळआपट करायलाही माणूस ताजातवाना लागतो.

"आणि गाडी विकायला निघालात," ती म्हणाली. "माझी नोकरी गेली असती."

"हो."

"ती जावी असं वाटत होतं?"

"जावी असं नाही," भालचंद्र म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "वाटत होतं. खोटं कशाला बोलू. सव्वासहाला येतो, तर दाराला कुलूप. अवनी क्लासला. घर काळंकुट्ट. सोळा वर्षं असं कधी नव्हतं. दिवा लावतो आणि नुसता बसून राहतो मी, तू येईपर्यंत. चप्पलसुद्धा काढत नाही. कुणाला सांगणार हे? हसतील लोक."

वीणा हसली नाही. तिला ते दिसलं, चप्पल घालून दिवाणाच्या कडेवर बसलेले भालचंद्र, आणि वाईट वाटलं. पण वाईट वाटणं काय, आठ महिने तिने तेवढंच केलं होतं.

"श्यामबाबूंना फोन करा," ती म्हणाली. "आत्ता."

त्यांनी उठून नंबर फिरवला. फोनच्या तोंडावर हात धरून विचारलं, "काय कारण सांगू?"

"तुम्हाला सुचेल ते."

पलीकडून कोणीतरी उचललं. भालचंद्र ताठ उभे राहिले, जणू साहेबच केबिनमध्ये आलाय. "श्यामबाबू, पारगावकर बोल रहा हूँ. कल मत आइए. गाड़ी नहीं देनी है." मग पलीकडचं ऐकलं. "नहीं जी, बिल्कुल ठीक है. खराब मैंने ही की थी. हाँ. मिसेस को लगती है रोज." रिसीव्हर ठेवल्यावर ते तिथेच उभे राहिले, वहीवरच्या नंबराकडे बघत. सोमवारी चार्टर्ड बसमध्ये याची चर्चा होणार, हे त्यांना माहीत होतं, आणि वीणालाही.

ती उठली, पर्स खुंटीला अडकवली. "मी सोमवारी पावणेआठला निघणार. डिसेंबरपासून तेरा भागांचं नवीन काम आहे, हो म्हणून सांगणार आहे. तुम्ही घरी याल तेव्हा कुलूप असेल. एक किल्ली तुमच्याकडेही आहे."

"हो."

"कुलूप उघडायचं, चप्पल काढायची आणि चहा टाकायचा. दोन कप. माझा झाकून ठेवा, मी साडेसातपर्यंत येते."

भालचंद्रांनी मान डोलावली. ती स्वयंपाकघराकडे वळली. त्यांनी मागून हाक मारली, अगदी खालच्या आवाजात, नवीन ऑफिसात पहिल्या दिवशी माणूस विचारतो तसं.

"वीणा, तुला साखर किती लागते?"

ती दारात थांबली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती.

"मी बिनसाखरेचा घेते," ती म्हणाली. "चार वर्षं झाली."